लाइन गेली, तं माझा लंबर?

जून महिन्याचा पहिला आठवडा होता, शाळा-कॉलेजच्या प्रवेशांची गडबड. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत दाखले काढून देणाऱ्या केंद्रासमोर पुतणीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी उभा होतो. मृगाचा पाऊस यायचा होता. पत्र्याच्या सावलीत पंचवीसेक माणसं एकामागे एक उभी होती. साडेअकराच्या सुमाराला आतला पंखा थांबला. "लाइन गेली," आतला मुलगा म्हणाला. कुणी जागचं हललं नाही. तासाभरानं लाइन आली, पंखा फिरला, कम्प्युटर सुरू झाला, पण आता नेट चालेना. "लाइन मिळून नाही राहिली," तो म्हणाला. दीड वाजता त्यानं दार अर्धं ओढून घेतलं. "आता उद्याच या. सगळं ऑनलाइन आहे ना, मी काय करू?" त्या मुलाचा काही दोष नव्हता. माझ्या पुढे एक म्हातारी होती. गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तिचे कागद होते. तिनं विचारलं, "काहून गा बापू, लाइन गेली तं माझा लंबर बी गेला का?"

तिथे कुणाजवळ या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आपल्या राज्यकारभाराजवळही ते नाही, असं माझं ठाम मत झालं आहे, आणि ते मांडण्यासाठीच हे लिहितो आहे.

त्या दोन तासांत एकच शब्द आधी विजेसाठी, मग इंटरनेटसाठी, मग उभ्या माणसांसाठी वापरला गेला, आणि शेवटी 'ऑन' हे शेपूट पुढे लावून तो सरकारी कामकाजासाठीही वापरून झाला. कुणाचा गोंधळ उडाला नाही. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की वीज गेली की पुण्यात लाइट जाते, आमच्याकडे लाइन जाते. "लाइन आहे का तुमच्याकडे?" हा शेजाऱ्याला विचारायचा उन्हाळ्यातला पहिला प्रश्न. खांबावर चढतो तो लाइनमन. सरकारी कागदावर त्याचं नाव तंत्रज्ञ झालं, मधे जनमित्रही झालं, पण वस्तीत तो दिसला की पोरं "लाइनमन आला" असंच ओरडतात. शेतकरी "या आठवड्यात रातची लाइन आहे" म्हणतो तेव्हा त्यात किती काय असतं, ते संत्र्याच्या बागेला ओलित करायला बॅटरी घेऊन मध्यरात्री निघालेल्या माणसाच्या घरच्यांना विचारावं. साप असतो, रानडुक्कर असतं, काही भागांत वाघ असतो. पोरानं कोणती लाइन घेतली, म्हणजे कोणतं शिक्षण, कोणता धंदा. कुणी 'किराण्याच्या लाइनीत' असतो, कुणी 'ट्रान्सपोर्टच्या'. वाया चाललेला पोरगा सुधारला की लाइनीवर येतो. रस्ता मोकळा असला की लाइन क्लिअर. हा शब्द तर थेट स्टेशनमास्तरच्या खोलीतून आला. आणि 'लाइन मारणं' आहेच. त्याला लोक गंमत म्हणतात, पण रोज त्याच चौकातून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला ती गंमत वाटत नाही.

हे ऐकून काहींना वाईट वाटतं. मराठीत ओळ आहे, रेघ आहे, रेषा, रांग, तार, रूळ आहेत, मग एका परक्या शब्दानं एवढ्या शब्दांचं घर का बळकवावं? त्यांची कळकळ मला समजते, पण त्यांनी एकदा आजूबाजूला ऐकून पाहावं. कवितेत ओळच असते. पाटीवर रेघच ओढतात. तळहातावर रेषाच. आमच्या शेतात कपाशीच्या काही तासांमागे, म्हणजे पेरणीच्या ओळींमागे, तुरीचं एक तास पेरतात, त्या तासाला कुणी लाइन म्हणायला गेलेलं नाही. म्हणजे जे आपलं होतं, ते शब्दासकट आपल्याजवळ राहिलं. खांबावरची वीज, रूळ, शिक्के मारणारी खिडकी या गोष्टी जिकडून आल्या, तिकडचा शब्द त्यांच्याबरोबर आला. परका म्हणून हाकलावा असा तो उरलेला नाही, आणि त्याचं मूळ पाहिलं तर तो वाटतो तितका दूरचाही नाही.

इंग्रजी 'लाइन' लॅटिन 'लिनेआ'पासून येते. लिनेआ म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. लॅटिनमध्ये जवस म्हणजे 'लिनम', आणि वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव आजही 'लिनम युसिटाटिसिमम' असंच आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ अतिशय उपयोगी. कापडाच्या दुकानातलं लिनन त्याच झाडाचं. ब्लाउजच्या आतलं लाइनिंगही तिथूनच आलं, कारण अस्तर पूर्वी लिननचं लावत. युरोपात जवस धाग्यासाठी पिकलं, आपल्याकडे बियांसाठी. पूर्व विदर्भात धान उभं असतानाच ओलीवर उतेरा म्हणून जवस फेकतात आणि हिवाळ्यात निळ्या फुलांचे पट्टे दिसतात. जवसाची चटणी नसेल तर आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीचं जेवण अपुरं वाटतं. ज्या झाडाच्या सालीतून तो शब्द निघाला, त्याच झाडाचं बी आम्ही रोज खातो.

आणि गवंडी काय म्हणतात, ते ऐका. विटांचा थर सरळ यावा म्हणून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणतात. तिला म्हणतात लाइनदोरी. लॅटिन शिकलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ 'दोरी-दोरी' असा लागेल. दोन हजार वर्षांपूर्वीचा अर्थ आमच्या मिस्तऱ्यानं न शिकता बरोबर त्याच्या जागी नेऊन ठेवला.

या दोरीवरून मला एक गोष्ट सुचली, आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोरी कुणीतरी ताणतो आणि बाकीच्यांना तिच्याप्रमाणे यावं लागतं. नागपुरातल्या जवळजवळ सगळ्या लाइनींची हीच गोष्ट आहे. दोरी कुणाच्या हातात, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि भोसल्यांचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. 1821 मध्ये कामठीला छावणी पडली. 1854 ला राज्य खालसा झालं, 1861 ला मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झालं. लष्कराचे तंबू आणि बराकी ज्या ओळींत उभ्या राहत, त्यांना इंग्रज 'लाइन्स' म्हणत. लष्करात नसलेल्या साहेबांचे बंगले जिथे आखले, त्या सिव्हिल लाइन्स. टेकडीच्या पलीकडे महाल, इतवारी, चिंचोळ्या गल्ल्या. अलीकडे रुंद रस्ते, मोठे वृक्ष, एकेका बंगल्याला एकेक एकराचं आवार. पुढे 1867 मध्ये भुसावळकडून रेल्वे आली आणि जुनं शहर आणि साहेबांचं शहर यांच्या मधे लोखंडी रूळ पडले. अजूनही नागपूरकर पत्ता सांगताना 'लाइनीच्या त्या बाजूला' म्हणतो, तेव्हा तो अंतरापेक्षा जास्त काहीतरी सांगत असतो.

व्याकरण इथे साक्ष देतं. लाइन हा शब्द मराठीनं स्त्रीलिंगी करून घेतला, त्याचं अनेकवचन लाइनी केलं, त्याला विभक्ती लावली. "लाइनीत या", "लाइनीतून काढला", "पोलीस लाइनीत राहतो". पण सिव्हिल लाइन्सचं काय? तिथे अजून इंग्रजी 'स' तसाच चिकटलेला आहे. "सिव्हिल लाइनीत राहतो" असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. 'सिव्हिल लाइन्समध्ये'च म्हणतात. राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी तो शब्द मराठीच्या अंगणात उतरला नाही. जिथे लोक रोज उभे राहतात, तो शब्द त्यांचा झाला. जिथे त्यांना फाटकाबाहेर थांबावं लागतं, तो शब्द साहेबाचाच राहिला. आणि ऑनलाइन? त्याला लिंग नाही, वचन नाही. 'ऑनलाइनीत' असं कुणी म्हणत नाही. तो अजून कुणाचाच झालेला नाही.

विजेची लाइनही अशीच वरून ताणलेली आहे. कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रं नागपूरच्या उंबरठ्यावर आहेत. एकट्या खापरखेड्याची क्षमता 1340 मेगावॉट. राख या गावांच्या वाट्याला येते, पांढरा थर पिकावर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, आणि वीज उच्चदाबाच्या तारांनी राज्यभर जाते. त्याच जिल्ह्यातला शेतकरी रातच्या लाइनीची वाट पाहत जागा असतो. ही वाटणी निसर्गानं केलेली नाही. कुणाला दिवसा आणि कुणाला रात्री, हे कुठल्यातरी टेबलावर ठरतं.

सगळ्यांत जड आठवण 23 नोव्हेंबर 1994 ची. हिवाळी अधिवेशन चालू होतं. आदिवासी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. अनुसूचित जमातींच्या यादीत आपल्याला जागा मिळावी, एवढी त्यांची मागणी होती. सरकारी यादीतल्या एका ओळीचा प्रश्न. सीताबर्डीजवळ पोलिसांनी मोर्चा अडवला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली. त्यांत बायका आणि लेकरं जास्त होती. आज तिथल्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. मी त्या पुलावरून जातो तेव्हा सिव्हिल लाइन्स तिथून किती जवळ आहेत, हे दर वेळी जाणवतं. इतक्या जवळ येऊनही ती माणसं पोचली नाहीत.

रेल्वेची, विजेची, साहेबाच्या बंगल्यांची, पोलिसांची, सगळ्या लाइनी वरून आखलेल्या. एकच लाइन अशी आहे जी खाली उभे असलेले लोक स्वतः तयार करतात, आणि ती म्हणजे रांग. मला तिच्याबद्दल बोलायचं आहे, कारण तिचं मोल आपण कधी मोजलंच नाही.

मी लहान असताना कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानासमोर मातीच्या तेलाची, म्हणजे रॉकेलची, लाइन लागायची. पहाटे पाच वाजता दगड ठेवायचा. दगड म्हणजे माणूस. कुणाची पिशवी, कुणाचा डबा, कुणाची जुनी चप्पल. उन्हाळ्यात टँकरसमोर गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, आणि बादल्यांची लाइन असायची, आणि कुठला गुंड कुणाचा, हे शंभर बायांच्या गर्दीत सगळ्यांना ठाऊक असायचं. "मी यायच्या मांगं हाव, लेकराला दूध पाजून येतो," असं एक बाई सांगून जायची आणि अर्ध्या तासानं आली तर जागा तिचीच. कुणी लिहून ठेवलेलं नसे. मागचा पुढच्याचा साक्षीदार, हाच त्या लाइनीचा कायदा. कुणी मधे घुसला तर ओरडायला पोलीस लागत नसे. "ओ भाऊ, लाइनीत या!" हे वाक्य कितीही मोठ्या माणसाला ऐकवता येत असे. आमदाराच्या माणसाला ते ऐकवलेलं मी पाहिलं आहे, आणि तो मागे गेला होता.

एकाधिकार कापूस खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा अशी योजना, 1972 मध्ये सुरू झाली. त्या वर्षांत जिनिंगसमोर कापसाच्या बैलगाड्यांच्या लाइनी दोन-दोन, तीन-तीन दिवस लागायच्या. माझे आजोबा गाडीखाली झोपायचे. हाल होते, यात शंका नाही. मापात खोट होती, ग्रेडरची मर्जी होती. पण आजोबा एक गोष्ट नेहमी सांगत: आपली गाडी कितवी, हे रात्री उठून मोजून पाहता यायचं. चौदा म्हणजे चौदा. ग्रेडरला प्रत फिरवता यायची, गाडीचा नंबर फिरवता यायचा नाही, कारण मागच्या चाळीस गाड्यांचे मालक जागे असायचे.

याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती नागपुरात बसून बोलायलाच हवी. आपल्या भाषेत ओळीला जुना शब्द आहे पंक्ती. त्यावरून पंगत. आणि पंगतीवरून पंक्तिभेद, पंक्तिप्रपंच. कुणी कुठे बसायचं, कुणाला तूप किती, कुणाला मुळीच बसू द्यायचं नाही, हे पंगतीत जन्मावरून ठरत असे. रेशनच्या, तिकिटाच्या, दवाखान्याच्या लाइनीत ते ठरत नाही. आधी आला तो पुढे. ज्याच्या मागे उभं राहायचं त्याची जात विचारायची सोय तिथे नाही. ही लहान गोष्ट नाही. आपल्या समाजात माणसं शेकडो वर्षं एकाच पाणवठ्यावर उभी राहू शकत नव्हती, आणि टँकरच्या लाइनीत त्यांचे गुंड एकाला एक लागून उभे राहिले. ही समता टँकरनं दिली, असं मी म्हणत नाही. त्यासाठी माणसं लढली. पण लाइन हे तिचं रोजचं, साधं रूप होतं.

14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दर वर्षी त्या दिवसाच्या आणि विजयादशमीच्या आसपास दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. खेड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी माणसं पांढऱ्या कपड्यांत, कडेवर लेकरू घेऊन, स्तूपात जाण्यासाठी लाइनीत उभी असतात. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक वाट दाखवतात, पण त्या गर्दीला शिस्त लावणारी खरी गोष्ट त्या माणसांच्या आत असते. बाहेर पडल्यावर पुन्हा लाइन, या वेळी पुस्तकांच्या दुकानासमोर. नागपूरची लाइन म्हणून मला कुणी एकच दाखवायला सांगितली, तर मी सिव्हिल लाइन्स दाखवणार नाही, ही दाखवीन.

आता समोरच्याचं म्हणणं ऐकू. लाइनीचं एवढं कौतुक कशाला? लाइन म्हणजे छळ. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्यावर बँकांसमोर म्हातारे-कोतारे उन्हात उभे होते, ते काय समतेचा आनंद घेत होते? रोजंदारीच्या माणसाचा लाइनीत गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. लाइनीतही दलाल असतात, खिडकीतला बाबू 'जेवणाची सुट्टी' म्हणून पाटी लावतो, दांडगट घुसतात, एकट्या बाईला धक्के बसतात. हे सगळं खरं आहे, यातला एकही शब्द मी खोडणार नाही. ऑनलाइन आल्यानं माझी स्वतःची कितीतरी कामं सुटली. रेल्वेच्या आरक्षणासाठी पहाटे स्टेशनवर जावं लागत नाही. सातबारा मोबाइलवर दिसतो, पूर्वी त्यासाठी तलाठ्याला शोधत फिरावं लागायचं. विजेचं बिल रात्री अकरा वाजता भरतो. ज्याला हे जमतं, त्याच्यासाठी ते राहावं आणि वाढावं.

माझं भांडण ऑनलाइनशी नाही. ज्याला ते जमत नाही त्याची खिडकी बंद करण्याशी आहे. आणि दुसरं भांडण याहून खोल आहे: ऑनलाइनमध्ये लाइन संपली असं आपल्याला सांगितलं गेलं, प्रत्यक्षात ती फक्त दिसेनाशी झाली. अर्ज केला की पडद्यावर अक्षरं येतात, 'प्रक्रियेत आहे'. माझ्या पुढे किती जण? काल किती निपटले? माझ्या मागून आलेला पुढे कसा गेला? कंट्रोलच्या दुकानासमोर जे अडाणी बाईलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, ते आज शिकलेल्या माणसाला कळत नाही. घुसणारा आता दिसत नाही, म्हणून "ओ भाऊ, लाइनीत या" म्हणायला कुणी उरलेला नाही. दगडाला साक्षीदार होते, अर्ज क्रमांकाला कुणीच नाही. वरून ताणलेल्या लाइनींत ही आणखी एक आली आणि लोकांनी स्वतः तयार केलेली एकमेव लाइन तिनं गिळली.

यात कोण मागे पडतं, ते पाहावं. रेशनच्या मशीनवर अंगठा ठेवायचा असतो. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, विड्या वळलेल्या, दुसऱ्यांची भांडी घासलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. मशीन म्हणतं, जुळत नाही. ज्या कामानं ती बाई जगली, त्याच कामानं तिची ओळख पुसली. 2025 च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर आधी 'कपास किसान' या अ‍ॅपवर नोंदणी आणि मग दिवस-वेळ घेणं आलं. ज्याच्या घरात शिकलेलं पोर आणि चांगला फोन, त्याला ते सोपं. बाकीच्यांनी सेतू केंद्र गाठायचं किंवा गावातल्या व्यापाऱ्याला कमी भावात कापूस घालायचा. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बायका ओटीपीची वाट पाहत फोन धरून बसल्या. विधवेनं नवऱ्याचं आधार कार्ड कुठून आणायचं, हा प्रश्न यंत्रणेला उशिरा सुचला. समोर खिडकी आणि खिडकीत माणूस असता, तर पहिल्याच दिवशी पहिल्याच विधवेनं तो त्याला विचारला असता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जी सेवा ऑनलाइन मिळते, तिच्यासाठी प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आणि शहरात प्रत्येक झोनला एक चालती खिडकी असावी, जिथे कागदावरचा अर्ज घेतला जाईल आणि हातात तारीख-वेळ असलेली पावती पडेल. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा त्यात नागरिकाचा हक्क आहे, अर्जाची पोच द्यावी लागते, उशीर झाला तर अपील आहे आणि जबाबदार अधिकाऱ्याला दंडही आहे. कायदा चांगला आहे. पण त्यातली मुदत अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते, आणि आमची ती लाइनीतली म्हातारी तर अर्जाच्या दारातच अडली आहे. वीज नाही, नेट नाही, सर्व्हर बंद, या कारणानं जो परत पाठवला गेला, त्याची तारीख त्याच दिवसाची धरली पाहिजे. लाइन सरकारची गेली, तर दिवसही सरकारचा जायला हवा. प्रवेशाची शेवटची तारीख हुकली म्हणून एखाद्या मुलीचं वर्ष कशासाठी जावं?

दुसरं, ज्याला ऑनलाइन अर्ज करायचा आहे त्यालाही त्याचा नंबर दिसला पाहिजे. पुढे किती, मागे किती, आज किती निपटले. रेल्वेच्या प्रतीक्षा यादीत नंबर रोज सरकताना दिसतो. मग उत्पन्नाच्या दाखल्याला, जातपडताळणीला, निराधारांच्या मानधनाला तो का दिसू नये? हे करायला कुठलं नवं शास्त्र लागत नाही. एखादा अर्ज क्रम सोडून पुढे गेला तर का गेला, तेही लिहिलेलं असावं. कुणाचं ऑपरेशन असेल, कुणाची मुदत उद्याची असेल. लाइनीतली माणसं अशाला नेहमीच पुढे जाऊ देत आली आहेत. फक्त ती विचारून जाऊ देत.

'खर्च वाढेल' असं उत्तर येईल, मला ठाऊक आहे. खिडकीला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो. लागू द्या. आज तो खर्च वाचलेला नाही, तो फक्त म्हातारीच्या लुगड्याच्या गाठीतून जातो आहे: एका अर्जाचे पन्नास, एका झेरॉक्सचे दोन, दोन दिवसांची मजुरी, आणि ऑटोचं भाडं.

त्या जूनच्या दुपारी दार बंद झाल्यावर लोक लगेच पांगले नाहीत. एका पोरानं वहीचं पान फाडलं आणि उभ्या असलेल्यांची नावं क्रमानं लिहिली. आजीनं विचारलं, "माहा कितवा?" तो म्हणाला, "सातवा, आजी." तिनं ते दोनदा म्हणून घेतलं. पान शेजारच्या पानठेल्यावर ठेवायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मी नऊला गेलो तेव्हा पान खिळ्याला टोचलेलं होतं, आणि सगळे त्याच क्रमानं उभे होते.

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दर वर्षी इथे होतं. डिसेंबरमध्ये सिव्हिल लाइन्सचे रस्ते नव्यानं डांबरले जातात, दुभाजक रंगवले जातात, आणि त्या दिवसांत तिथली लाइन जात नाही. येणाऱ्या आमदारांना माझी विनंती आहे. विधानभवनापासून जिल्हाधिकारी कार्यालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गाडी, शिपाई, पीए काही न घेता एका सकाळी दहाच्या आत तिथे जावं, कुठल्याही एका खिडकीसमोर शेवटच्या माणसाच्या मागे उभं राहावं, आणि पुढच्याला विचारावं की तुमचा नंबर कितवा.